साण्याखालची कानबाई

घर बांधायला निघालेला माणूस माझ्यापुढे बसला की पहिल्यांदा मोबाइल काढतो. त्यात एक फोटो असतो. दुबईचा असेल, बंगळुरूचा असेल, कुठल्यातरी गुळगुळीत रस्त्यावरचा असेल. समोरून सगळी काच आणि दारात एकही चप्पल नाही. "ताई, असंच पाहिजे." मी विचारते, "एप्रिलमध्ये दुपारी या काचेच्या मागे कोण बसणार? तुम्ही?" मग तो बायकोकडे बघतो. बायको माझ्याकडे बघते. तिला उत्तर माहीत असतं, कारण बसणार तीच असते.

सुरतेत मी आयुष्यभर हेच भांडण केलं. माझे वडील धुळ्याकडून लूमवर कामाला आले, मी गोडादऱ्यात वाढले, इथेच नकाशे काढायला शिकले आणि इथेच म्हातारी होत चाललेय. माझी घरं कुठल्या चकचकीत मासिकात आली नाहीत. बारडोलीच्या एका ऊसवाल्या शेतकऱ्याने माझा नकाशा बघून "आमां डिझाइन क्यां छे?", यात डिझाइन कुठाय, असं विचारलं होतं. त्याला मी म्हटलं, शेठ, ते दिसत नाही, लागतं. तो दुसऱ्याकडे गेला. जाऊ दे, बापडा.

धंदा सोपा करून सांगते. आमच्याकडचा प्लॉट म्हणजे पुढून चिंचोळा आणि मागे लांबच लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या. म्हणजे हवा येणार ती फक्त पुढून आणि मागून, आणि मागे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घराची पाठ. मधल्या खोलीत दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. वर तापलेला स्लॅब, आणि हवेत दमटपणा इतका की वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी पुन्हा पिळावा. समुद्राचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, चांगला येतो, पण त्याला आत यायचं तर बाहेर पडायलाही वाट लागते. आलेला वारा निघून जाणार नसेल तर तो येतच नाही. एवढं एक वाक्य लोकांच्या गळी उतरवायला माझे केस पिकले.

आमच्या खानदेशात धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांना वर एक भोक ठेवतात. त्याला साणं म्हणतात. त्यातून धूर जातो, उजेड येतो. सुरतेच्या जुन्या घरांतही मजल्यामजल्यांत लोखंडी जाळी टाकून उजेड खाली आणायची पद्धत आहे. मी दोन्हींचं लग्न लावलं. घराच्या मधोमध, खालच्या स्लॅबमध्ये एक चौकोन मोकळा सोडायचा, त्यावर जाळी बसवायची, त्याच्याच वर गच्चीतही तसाच चौकोन, त्याच्यावर पावसासाठी टोपी आणि टोपीच्या चारी अंगांना फटी. खालची तापलेली हवा सरळ वर निघून जाते. पंखा बंद केला तरी अंगावर झुळूक येते. माझ्या प्रत्येक घरात साणं असतंच. नको असेल त्याने दुसरा नकाशावाला बघावा.

बनाबाई मात्र साणं बघून नाही, देवी घेऊन आल्या होत्या.

गोडादऱ्यातलंच कुटुंब. नवरा लूमवर खपून गेलेला, एक मुलगा संजय, त्याचं एम्ब्रॉयडरीचं काम, सून ज्योती. जुनं पत्र्याचं घर पाडून दोन मजली बांधायचं होतं. खाली घर, वर संजयचं यंत्र आणि त्याची नवराबायकोची खोली. वरचा मजला कधी भाड्याने द्यावा लागला तर, म्हणून जिना बाहेरून, आमच्याकडे सगळे काढतात तसा. सगळं ठरलं, आणि बनाबाईंनी विचारलं, "मन्ही माय कठे बसाडशी?"

माय म्हणजे कानबाई. खानदेशी माणसाला वेगळं सांगायला नको, इतरांसाठी सांगते. श्रावणात रविवारी घरात कानबाई बसते. पिढ्यांपिढ्या जपलेला नारळ असतो, त्याला डोळे, नथ, दागिने घालून देवी करतात. भाऊबंद जमतात, रोट होतात, रात्र जागवतात. सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात आणि आंघोळ घालून नारळ पुन्हा घरी. एरवी वर्षभर तो देवघरात. आमच्या लोकांनी सुरतेत येताना भांडीकुंडी मागे ठेवली, पण नारळ पोटाशी धरून आणला.

मी म्हटलं, वर बसवू या, उजेड चांगला आहे. बनाबाई उखडल्या. "वर बसाडी ते गल्लीमधल्या बाया कशा येतीन? माय खालेच बसाले पाहिजे." बरं, खाली बसवू. "आन मन्ही मायना डोकावर कोना पाय नको पडाले." झालं! खाली देवी आणि वर यंत्र, माणसं, पलंग. दोन मजली घरात डोक्यावर पाय पडणार नाही अशी जागा आणायची कुठून?

मी दोन दिवस वैतागून फिरले आणि मग एकदम डोक्यात आलं, अगं, आहे की! साण्याखाली. जाळीवर कोणी पाय देत नाही, देवीच्या डोक्यावर थेट आभाळ. तिथे कंबरेएवढा ओटा बांधला, शहाबादी फरशी लावली. जाळी झाडायपुसायला उघडता यावी म्हणून एका बाजूला बिजागऱ्या दिल्या. बनाबाईंनी पहिल्यांदा ओट्यावर दिवा लावला तेव्हा ज्योत वरच्या ओढीने सरळ उभी राहिली. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. खरं सांगते, मला कोणी सुवर्णपदक दिलं असतं तरी इतकी फुगले नसते. हवापाणी आणि रीतभात दोन्हींना एका चौकोनात बसवलं म्हणून मी वर्षभर ज्याला त्याला ते घर दाखवत होते.

संजयला मात्र ते भोक डोळ्यात खुपायचं. त्याने वर एसी लावला आणि फोन केला, "ताई, ये जाळी का कुछ करो ना, थंडी हवा सब नीचे जाते." मी म्हटलं, एसी काढ. तो म्हणाला, साणं बुजवा. आमचं चांगलंच वाजलं. बनाबाईंनी त्याला सांगितलं, आधी मला मसणात पोचव, मग बुजव. शेवटी त्याने जाळीवर जाड प्लास्टिकची शीट टाकली आणि चारी बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या स्क्रूने आवळल्या. खालचा उकाडा वाढला, पण उजेड होता, देवीच्या डोक्यावर पाय नव्हता, म्हणून बनाबाई गप्प बसल्या. मी त्या घरी जायचं बंद केलं.

गेले मी ती थेट कानबाईच्या सोमवारी. बनाबाईंचा निरोप आला होता, "पोरी, रागे भर संजयवर, मायवर नको." पहाटेपासून पाऊस लागला होता. गोडादरा-लिंबायतकडे तापीपेक्षा खाडीचं भय जास्त. खाडी भरली की पाणी रस्त्याने येतं असं नाही, ते गटाराने उलटं घरात येतं. मी पोचले तेव्हा गल्लीत घोट्याएवढं होतं. भाऊबंद रात्र जागवून बसले होते, पण पाणी बघून जो तो आपापल्या घराकडे पळाला. देवी नदीवर न्यायची राहिली. बनाबाई ओट्याशेजारी बसून होत्या. दिवा तेवत होता.

"आई, वर चल," संजय म्हणाला.

"मी मायले सोडीसन कशी येऊ? बठेल शे ती. पाणी उतरी, मंग वाजत लई जासू."

दर वर्षी पाणी पायरीपर्यंत येतं आणि उतरतं, म्हणून तोही फार बोलला नाही. ज्योती आणि मी धान्याचे डबे बाहेरच्या जिन्याने वर न्यायला लागलो. आणि संजयने काय केलं, तर दार बाहेरून ओढून घेतलं आणि उंबऱ्याला कापडाचे ताके रचले. माल त्याच्याकडे पडून होताच. एकावर एक, छातीएवढे, दाबून. सुरतेत वाळूच्या पोत्याच्या आधी कापडच हाताशी येतं. "एक थेंब नही जाएगा अंदर," म्हणाला आणि धागे वाचवायला वर पळाला.

थेंब दारातून गेलाच नाही. न्हाणीच्या जाळीतून आला. काळं, वास मारणारं पाणी भसाभसा वर आलं आणि गल्लीतलं पाणीही चढत गेलं. मेन स्विच मी मुद्दाम वरच्या मजल्यावर घेतला होता, तो ज्योतीने पाडला, नाहीतर तिथेच संपलं असतं. खालून बनाबाईंची हाक आली. आवाज नेहमीचा नव्हता.

संजय जिन्यावरून धावला. गल्लीतलं पाणी त्याच्या मांडीला लागलं होतं. त्याने ताके ओढले. कोरडा ताका एक माणूस उचलतो. पाणी प्यायलेला ताका चार माणसांना हलत नाही. वरचा एक कसाबसा निघाला, खालचे चिखलात फसले होते. दार बाहेर उघडणारं. तो खांद्याने, लाथेने, नखांनी झगडला. शेजारच्यांना हाका मारल्या, पण गल्लीत प्रत्येकजण आपलं माणूस काढत होता. खिडकीला चोरांसाठी जाड गज. मी जिन्यात उभी राहून ओरडले, "संजय, वर ये! साणं!"

पट्ट्यांचे स्क्रू काढायला वेळ कुठला? ज्योतीने विळी आणली आणि प्लास्टिक टराटरा फाडलं. संजयने पहारीने पट्ट्या उचकटल्या. जाळीच्या बिजागऱ्या करकरल्या आणि जाळी उघडली. मी पालथी पडून खाली डोकावले. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. कंबरेच्या वर पाण्यात बनाबाई उभ्या होत्या, एका हाताने ओट्याची कड धरून, दुसऱ्या हाताने दिवा वर धरून. ओट्याच्या फरशीला पाणी नुकतंच लागत होतं आणि पाटावर कानबाई होती, नथ घालून, शांत.

उंची मी काढलेली, मला पाठ होती. जमिनीवरून त्यांचा हात आमच्या हाताला लागणार नव्हता. ओट्यावर उभ्या राहिल्या तर लागणार होता; नुसत्या साडीला लोंबकळून त्यांचं वजन वर येणार नव्हतं. ज्योतीने दोन साड्या पिळून गाठी मारल्या, खाली सोडल्या.

"काकू, काखेतून बांधा आणि ओट्यावर चढा!"

बनाबाईंनी वर बघितलं. "तठे माय बठेल शे. तिन्हा आंगवर पाय ठेईसन मी वर येऊ का?"

"काकू, दगड आहे तो! विटा आहेत! मी बांधल्यात!" मी किंचाळले. माझं डोकं फिरलं होतं. "मरायचंय का?"

"मरीसन जाऊ दे. मन्हा पाय त्या जागाले लागाले नको."

आणि त्या खरोखर म्हणत होत्या. धमकी नव्हती, हट्ट नव्हता. आपण जसं जळता निखारा हातात धरणार नाही म्हणतो, तितकं सरळ. घरातून बाहेर पडायला एकच भोक उरलं होतं, आणि त्याच्या बरोब्बर खाली मी अशी जागा बांधून ठेवली होती जिथे ही बाई जीव गेला तरी पाय ठेवणार नव्हती. इतकी नेमकी जागा मी हौसेने शोधली होती!

संजय रडायला लागला. "आई, मी उडी मारतो." मी त्याची कॉलर धरली. तो खाली गेला तर वर ओढणार कोण? मी आणि ज्योती? दोघंही बुडाली असती. तो मला ढकलत होता, मी त्याला शिव्या देत होते, आणि खाली पाणी बनाबाईंच्या छातीला आलं.

तेवढ्यात ज्योती माझ्या शेजारी पालथी पडली. लग्न होऊन आल्यापासून मी त्या पोरीचा मोठा आवाज ऐकला नव्हता. तेव्हाही तिने तो काढला नाही. शेजारी बसून वाती वळताना बोलावं तसं म्हणाली, "आत्याबाई, सोमवार उजाडना. मायनी निंघानी वेळ व्हयी गयी. तिले उठाडा ना."

बनाबाईंनी मान वर केली. "अशी कशी उठाडू? ना वाजा, ना गाजा."

"पाऊस वाजी ऱ्हायना ना."

पाऊस गच्चीवरच्या टोपीवर खरंच ताशासारखा कडाडत होता. बनाबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्षता?"

मी उठून धावले. कुठला डबा, कुठलं झाकण, काही कळत नव्हतं. मूठभर तांदूळ, त्यावर हळदकुंकू सांडून, टोपलीत घालून ती टोपली साडीच्या टोकाला बांधून खाली सोडली. एरवी अशा वेळी मी लोकांकडे बघून कपाळावर हात मारत आलेय. त्या वेळी हळद जरा जास्त पडावी असं मला वाटत होतं.

छातीएवढ्या घाण पाण्यात उभं राहून बनाबाईंनी पूजा केली. गडबड नाही. ओट्यावरच्या पाण्यात डुलायला लागलेल्या पाटावर दिवा ठेवला. अक्षता वाहिल्या. हात जोडले. "माय, काही चुकनं व्हई ते पोटमा घाल. चाल, वर चाल. पुढला साल वाजतगाजत लई जासू." मग पाट तीन वेळा किंचित हलवला, आसनावरून देवी उठते तेव्हा हलवतात तसा. संजय माझ्या शेजारी दात आवळून पुटपुटत होता, "आई लवकर, आई लवकर." त्यांनी नारळ उचलला, कपाळाला लावला, टोपलीत ठेवला, पदराचा तुकडा फाडून वर पांघरला. "धक्का लागाले नको."

टोपली आम्ही वर घेतली. ज्योतीने देवीला छातीशी धरलं आणि भिंतीला टेकून बसली.

ओट्यावर आता फक्त ओला पाट आणि विझलेला दिवा. बनाबाई त्याच्याकडे बघत उभ्या. पाणी खांद्याला. मला वाटलं, आता पुन्हा नाही म्हणतात. मी तोंड उघडलं तर ज्योतीने माझा दंड दाबला.

"माय वर उनी, आत्याबाई. तुम्ही बी या."

बनाबाईंनी पाट बाजूला सारला, तो तरंगत गेला. साडी काखेतून घेतली. ओट्याच्या कडेवर आधी हात, मग गुडघा, मग पाय. तो पाय ठेवताना त्यांनी दोन्ही कान धरले. उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात संजयच्या हातात आला. आम्ही ओढलं. अर्ध्यात कंबरेशी अडकल्या, बिजागरीने दंड सोलवटला, मी लुगडं मुठीत धरून त्यांना असं खेचलं की माझ्या खांद्याला आजही थंडीत कळ येते. मग त्या जमिनीवर आल्या, भिजलेल्या, हुडहुडी भरलेल्या. संजय आईच्या पायांवर पडून लहान मुलासारखा रडला. मीही रडले. बनाबाईंनी दोघांना बाजूला केलं आणि आधी देवीकडे बघितलं.

पाणी उतरल्यावर खाडीचा काळा गाळ काढायला सगळी गल्ली झटत होती. सगळं धुऊन वाळल्यावर संजयचा फोन आला. आवाज बदललेला होता. "ताई, आतून जिना पाहिजे. खालून वर. तुम्ही म्हणाल तसा."

मी टेप घेऊन गेले. मापं घेतली. बीम न तोडता जिना वर निघायला एकच जागा होती, साणं. आणि खाली दोन पायऱ्या जोडल्या तरी जिना सुरू होत होता त्या ओट्यावरूनच. मी उगाच इकडेतिकडे मापं घेत राहिले. मागून काढू का, न्हाणी हलवू का, काहीबाही बोलत राहिले. संजयला कळलं. तो म्हणाला, "रहने दो ताई, बाहरवालाच ठीक आहे." ज्याला ते भोक बुजवायचं होतं तो हा.

बनाबाई पाठीमागे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना. त्या दिवशी विटा आहेत, विटा आहेत म्हणून किंचाळणारी मी, आता खडूची रेघ त्या फरशीवर ओढायला माझा हात उठत नव्हता.

"माय उठी गयी ना अठून?" बनाबाई म्हणाल्या. "मंग आते हाऊ नुसता ओटा शे."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला, लुगडं जरा वर धरलं, मापं घ्यायला ठेवलेल्या स्टुलावर चढल्या आणि कोरड्या फरशीवर पाय ठेवला. कान धरले नाहीत. दुसरा पायही वर घेतला, साण्याच्या उजेडात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "अठून सुरू कर."